न दिसणाऱ्या वेदनेचा जमाखर्च

मराठी भाषेत अंगदुखीसाठी शब्दांची मोठी ठेव आहे. अंग मोडून येते, आंबते, ठणकते. पाठीत कळ येते, मानेत चमक भरते, पोटऱ्यांत गोळे येतात, हातांना मुंग्या येतात. प्रत्येक शब्दाची छटा वेगळी असून जाणकार वैद्य त्यावरूनच दुखण्याचा अंदाज बांधतो. परंतु काही रुग्णांना ‘नेमके कोठे दुखते?’ असे विचारले की त्यांना एकच उत्तर सुचते : ‘सगळीकडेच.’ हे उत्तर सर्वांत खरे असते आणि दुर्दैवाने सर्वांत अविश्वसनीयही तेच ठरते. क्ष-किरण छायाचित्र स्वच्छ येते, रक्ताचे अहवाल निर्दोष निघतात. ‘काही झालेले नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य धीर देण्यासाठी उच्चारलेले असते. पण रात्रभर कूस बदलत जागलेल्या स्त्रीला ते आरोपासारखे लागते.

अंबरनाथ पूर्वेतील अशी एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. वय पंचेचाळिशीच्या पुढचे. घर तिसऱ्या मजल्यावर, जुन्या इमारतीत, लिफ्ट नाही. घरातील कर्त्या पुरुषाची मुंबईकडे जाणारी लोकल सकाळी लवकरची, म्हणजे डब्यासाठी तिला पहाटेच उठावे लागते. सासूबाईंचा चौविहार असल्यामुळे हिवाळ्यात सहाच्या आत संध्याकाळचा स्वयंपाक तयार हवा. लोकलने उशिरा परतणाऱ्यांचे ताट वेगळे. गेली दोन वर्षे खांदे, कंबर, मांड्या आणि तळवे आळीपाळीने किंवा एकदमच दुखतात. सात तास झोपूनही ती शिणलेलीच उठते. गॅसवर दूध ठेवल्याचे विसरते, ओळखीचे नाव ओठांवर येऊन अडते. डोके दुखते, पोट बिघडते, गर्दीचा गोंगाट सोसवत नाही. घरातली माणसे वाईट नसतात. तरीही ‘हिला काम नकोसे झाले आहे’ असा पुसट विचार कोणाच्या तरी चेहऱ्यावर उमटतो आणि तो तिला बरोबर वाचता येतो.

या दुखण्याला वैद्यकशास्त्राने दिलेले नाव आहे फायब्रोमायल्जिया. तंतू, स्नायू आणि वेदना या अर्थांच्या लॅटिन व ग्रीक शब्दांतून ते बनले आहे. नाव विसाव्या शतकातले असले तरी आजार जुना आहे. १९०४ मध्ये इंग्लंडमधील विल्यम गॉवर्स यांनी त्याला ‘फायब्रोसायटिस’, म्हणजे तंतूंची सूज, असे म्हटले होते. पुढे अशी सूज स्नायूंत सापडेना, म्हणून १९७६ पासून ‘फायब्रोमायल्जिया’ हे नाव रूढ होत गेले. जगभरातील पाहण्यांनुसार साधारणतः शंभरांतील दोन ते चार व्यक्तींना हा त्रास असतो. त्यांत स्त्रियांची संख्या अधिक. परंतु पुरुष आणि मुलेही त्यातून सुटत नाहीत.

घंटा खरी, चोर नाही

सूज नाही, सांधे झिजलेले नाहीत, तर मग दुखते काय? याचे उत्तर शोधताना संशोधकांची दृष्टी स्नायूंवरून मज्जासंस्थेकडे वळली. बँकेच्या तिजोरीच्या खोलीत धोक्याची घंटा बसवलेली असते. ती चोर आल्यावर वाजावी अशी अपेक्षा असते. परंतु तिची संवेदनशीलता बिघडून वाढली, तर उंदीर फिरकला किंवा दार वाऱ्याने हलले तरी ती कर्कश वाजू लागते. फायब्रोमायल्जियात पाठीचा कणा आणि मेंदू यांतील वेदनेची यंत्रणा अशीच अतिसंवेदनशील झालेली असते. साध्या दाबाचे, थंड वाऱ्याचे, दिवसभराच्या थकव्याचे संदेश ती वेदना म्हणून वाचते आणि मोठे करून ऐकवते. २०१७ मध्ये वेदनेच्या अभ्यासाला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या तऱ्हेच्या वेदनेला ‘नोसिप्लास्टिक’ असे स्वतंत्र नाव दिले. इजा झाल्यामुळे होणारी वेदना आणि नस दुखावल्यामुळे होणारी वेदना यांच्याहून हा तिसरा प्रकार निराळा मानला गेला.

या दाखल्यातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. घंटा वाजते हे खोटे नाही. म्हणून रुग्णाला नाटकी ठरवणे अन्यायाचे आहे. चोर मात्र नाही. म्हणून दर महिन्याला नवी तपासणी करून त्याचा शोध घेत राहणे व्यर्थ आहे. आणि घंटेची तार एका गोळीने कापता येत नाही. तिची संवेदनशीलता हळूहळू खाली आणावी लागते.

झोपेचा या यंत्रणेशी निकटचा संबंध आहे. टोरांटो येथील हार्वे मोल्डोफस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांची गाढ झोप त्यांनी जाणीवपूर्वक मोडली. काही रात्रींतच त्या धडधाकट माणसांचे अंग दुखू लागले आणि दाबल्यास हुळहुळू लागले. वेदनेमुळे झोप मोडते हे सर्वांस ठाऊक असते. झोप मोडल्याने वेदना वाढते, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेत नाही.

निदान कसे होते

१९९० मध्ये अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या महाविद्यालयाने निदानाची कसोटी ठरवली : शरीरावरील १८ ठरावीक बिंदू बोटाने दाबून पाहायचे आणि त्यांपैकी किमान ११ दुखले पाहिजेत. २०१० मध्ये ही पद्धत बदलण्यात आली. आता शरीराच्या १९ भागांपैकी किती भागांत वेदना आहे, थकवा किती, झोपेने ताजेतवाने वाटते का, स्मरण व एकाग्रता कशी आहे, हे सारे विचारले जाते आणि त्रास किमान तीन महिने टिकलेला असावा लागतो. म्हणजेच या आजारात रुग्णाचे कथन हाच मुख्य पुरावा असतो. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवड्यांची नोंद एका वहीत करून नेली, तर दहा मिनिटांच्या भेटीचे चीज होते.

मग रक्ततपासणी कशासाठी? फायब्रोमायल्जिया सिद्ध करण्यासाठी नव्हे, तर त्याच्यासारखे दिसणारे दुसरे आजार वगळण्यासाठी. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सूज दर्शवणारे ईएसआर व सीआरपी, ‘ड’ जीवनसत्त्व आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्व एवढ्या तपासण्यांनी बहुतेक काम भागते. यांतील काही दोष सापडले, तर ते सहज दुरुस्त होणारे असतात आणि कधीकधी सारे दुखणे त्यांच्यामुळेच असते. सांध्यांना सूज, सतत ताप, अकारण घटणारे वजन, हातापायांतील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, छातीत दुखणे ही लक्षणे फायब्रोमायल्जियाची नव्हेत. ती असतील तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे; आधी फायब्रोमायल्जियाचे निदान झालेले असले तरीही.

हे दुखणे केवळ शहरी सुखवस्तूंचे आहे, असाही एक समज आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावाने तो काही अंशी दूर केला. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली जागतिक आरोग्य संघटनेशी निगडित अशा कार्यक्रमात तेथे घरोघरी जाऊन हाडे, सांधे व स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी झाली. ऊसशेतीच्या त्या परिसरात अंग दुखणाऱ्यांची संख्या मोठी निघाली. त्यांतील पुष्कळांचे दुखणे नाव असलेल्या संधिवातात बसत नव्हते. ते मऊ ऊतींचे किंवा नीट व्याख्या न करता येणारे होते. डोक्यावर ओझे वाहणारी स्त्री आणि तिसऱ्या मजल्यावर सामान चढवणारी स्त्री यांचे दुखणे कदाचित फार वेगळे नसावे.

औषधांकडून किती अपेक्षा ठेवावी

अंग दुखले की दुकानातून वेदनाशामक गोळी आणायची, ही आपल्याकडील सर्वसाधारण रीत. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या सुजेवर चालतात. येथे सूजच नसल्यामुळे त्यांचा उपयोग नाममात्र होतो. जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना होणारा अपाय मात्र पुरेपूर होतो. स्टिरॉइडचा या आजारात उपयोग नाही. अफूवर्गीय तीव्र वेदनाशामकेही वर्ज्य मानली जातात. नाव, घटक आणि निर्माता यांचा पत्ता नसलेल्या ‘हमखास गुण’ देणाऱ्या पुड्यांपासून तर दूरच राहावे; अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याची प्रकरणे वेळोवेळी उघडकीस आली आहेत. ‘ताकदीचे सलाईन’ लावून घेण्यानेही या दुखण्यात काही साधत नाही.

ज्यांचा अभ्यास झाला आहे अशी औषधे मोजकीच आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी २००७ मध्ये प्रीगाबॅलिन, २००८ मध्ये ड्युलॉक्सेटिन आणि २००९ मध्ये मिल्नासिप्रान यांना मान्यता दिली. त्यांच्याहून पुष्कळ जुने आणि स्वस्त असे अमिट्रिप्टिलिनही अल्प मात्रेत, झोप सुधारण्यासाठी, डॉक्टर देतात. यांतील काही औषधे नैराश्यावर, तर काही अपस्मारावर किंवा मज्जातंतूंच्या वेदनेवर वापरली जातात. गुगलवर नाव शोधून ‘मला वेडाची गोळी दिली’ असे म्हणत अनेकजण ती फेकून देतात. वस्तुतः वेदनेचे संदेश आणि मनाची अवस्था यांची रसायने मेंदूत बऱ्याच अंशी सामाईक असतात. औषध देण्यामागचे कारण तेवढेच असते.

या औषधांचे फळ मर्यादित आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वेदना निम्म्यावर येण्याचे भाग्य थोड्याच रुग्णांना लाभते. काहींना किंचित उतार पडतो, काहींना काहीच गुण येत नाही. अपाय ठरलेले आहेत : प्रीगाबॅलिनने गुंगी, चक्कर, पायांना सूज, वजनवाढ, ड्युलॉक्सेटिनने मळमळ, अमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ आणि सकाळपर्यंत रेंगाळणारी सुस्ती. काचबिंदू, हृदयविकार, यकृताचे वा मूत्रपिंडाचे दुखणे असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. सुरुवात लहान मात्रेने करावी, काही आठवडे वाट पाहावी आणि गुण नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद करावे. बंद करतानाही एकदम नव्हे, तर पायरीपायरीने.

व्रत, वेळ आणि गोळी

हा शेवटचा मुद्दा जैन घरांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. पर्युषणात किंवा दशलक्षणात उपवास, आयंबिल, कोणाची अठ्ठाई. त्या दिवसांत ‘औषध आठ दिवस नाही घेतले तर काय बिघडते?’ असे सहज म्हटले जाते. रोजचे ड्युलॉक्सेटिन अचानक थांबले तर चक्कर, अस्वस्थता, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारख्या संवेदना होऊ शकतात. प्रीगाबॅलिन थांबले तर झोप उडते, घाम येतो, मळमळते. तपश्चर्येच्या चौथ्या दिवशी असे झाले की ते तपाच्या खाती मांडले जाते. वास्तविक ते गोळी तुटल्याचे लक्षण असते.

रोजच्या चौविहाराचा प्रश्न त्याहून सोपा आहे, पण तो विचारला तर सुटतो. डॉक्टर चिठ्ठीवर ‘रात्री झोपताना’ असे लिहितात. श्राविका संकोचाने काही बोलत नाही, घरी येऊन ती गोळी घेत नाही आणि पुढच्या भेटीत ‘गुण आला नाही’ असे सांगते. डॉक्टर मात्रा वाढवतात. हा चुकीच्या नोंदीवर पुढची नोंद चढवण्याचा प्रकार झाला. ‘सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही’ एवढे एक वाक्य पहिल्याच भेटीत सांगितले, तर औषधाची निवड आणि वेळ बदलता येते. ड्युलॉक्सेटिन सकाळी न्याहारीनंतर घेता येते. प्रीगाबॅलिनची संध्याकाळची मात्रा सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासोबत बसवता येते का, दीर्घकाळ टिकणाऱ्या गोळीचा पर्याय आहे का, हे विचारता येते. लवकर गुंगी येत असेल तर त्यानुसार झोपेची वेळ अलीकडे आणता येते.

पच्चक्खाणाच्या परंपरेत आगारांची, म्हणजे आधीच मान्य केलेल्या सवलतींची, तरतूद आहे. आजारपणात चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेणे हे त्यांतच येते. त्याचे स्वरूप आपापल्या गुरुमहाराजांना विचारावे. डॉक्टरांना व्रत सांगावे आणि गुरूंना आजार सांगावा. दोघांपासूनही काही लपवले की त्रास रुग्णालाच होतो. सामायिकाची ४८ मिनिटे जमिनीवर एका आसनात बसणे असह्य होत असेल तर खुर्चीचा आधार घेण्यातही संकोच नसावा.

कॅप्सूलचाही प्रश्न येतो. बहुतेक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे असते आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून बनते. म्हणून काही घरांत कॅप्सूल उघडून आतील पूड किंवा दाणे मधाऐवजी साखरेच्या पाण्यातून देतात. सर्वच औषधांबाबत हे चालत नाही. ड्युलॉक्सेटिनच्या दाण्यांना जठरातील आम्लापासून संरक्षण देणारे वेष्टन असते. ते चावले, कुटले किंवा विरघळवले तर औषध निकामी होते. त्यापेक्षा औषधविक्रेत्याकडे गोळीच्या रूपातील किंवा वनस्पतिजन्य आवरणाचा पर्याय मागावा. पूरक आहाराच्या डब्यांवर हिरवे चिन्ह पाहता येते; औषधांच्या पट्टीवर ते सहसा आढळत नाही, तेथे विचारूनच खात्री करावी लागते.

पूरकांची बाजू

जीवनसत्त्वे आणि खनिजे यांच्या गोळ्यांवर घरोघरी होणारा खर्च पाहिला तर थोडा हिशेब मांडणे आवश्यक वाटते. येथे एकच सूत्र पुरेसे आहे : उणीव असेल तर भरून काढावी, नसेल तर भर घालू नये.

‘ब-१२’ हे सूत्र समजण्यास उत्तम उदाहरण आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसते. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळते आणि ते पुष्कळदा अपुरे पडते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर व परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांच्या रक्तात ‘ब-१२’ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण आणखी जास्त होते. या उणिवेमुळे थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड संभवते. फायब्रोमायल्जियाच्या यादीशी हे किती जुळते ते वेगळे सांगावयास नको. जैन कुटुंबात अंगदुखीच्या रुग्णाची ‘ब-१२’ तपासणी प्रथम व्हावी. उणीव असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शन हा आवश्यक उपचार आहे. पातळी योग्य असताना दर आठवड्याला ‘ताकदीचे लाल इंजेक्शन’ घेणे हा निव्वळ खर्च आहे.

‘ड’ जीवनसत्त्वाचे तसेच. भारतात ऊन भरपूर असूनही त्याची कमतरता सर्रास आढळते, कारण ऊन अंगावर पडतच नाही. २०१४ मध्ये ऑस्ट्रियात ‘ड’ कमी असलेल्या फायब्रोमायल्जियाच्या ३० स्त्रियांवर चाचणी झाली. पातळी वर आणल्यावर त्यांच्या वेदनेत घट दिसली. चाचणी लहान होती, म्हणून तिच्यावर मोठी इमारत उभारू नये. परंतु उणीव दूर करण्यास तेवढे कारण पुरते. आपल्याकडे ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे, अशी दिली जाते. धोका येथेच आहे. आठवड्याची पुडी चुकून रोज घेतली जाते किंवा दोन महिन्यांची चिठ्ठी दोन वर्षे चालवली जाते. त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, मूतखडा, मूत्रपिंडास इजा असे प्रकार घडतात. पुडीचा वार भिंतीवरील कॅलेंडरवर लिहावा आणि शेवटच्या आठवड्याची तारीखही त्याच दिवशी लिहून ठेवावी.

मॅग्नेशियमबद्दल बराच गाजावाजा होतो, पुरावा मात्र तोकडा आहे. बाजरी, नाचणी, मूग-मटकी, बदाम, भोपळ्याच्या बिया यांतून ते मिळते. गोळ्यांनी जुलाब होऊ शकतात आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर त्या टाळाव्यात. को-एन्झाइम क्यू-१० बाबत स्पेनमध्ये लहान चाचण्या आशादायक ठरल्या, पण ते महाग आहे आणि घरखर्चात त्याची जागा सर्वांत शेवटी असावी. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलांचा आग्रह कोणी धरला, तर न घेतल्याने या आजारात काही बुडत नाही, हे लक्षात ठेवावे. जवसाची चटणी आहार म्हणून चांगलीच आहे. कोणतेही पूरक सुरू केल्यास एका वेळी एकच सुरू करावे, आठ-दहा आठवडे वहीत नोंद ठेवावी आणि फरक नसेल तर खाते बंद करावे. चार डबे एकदम उघडले तर गुण कोणाचा आणि अपाय कोणाचा, हे कधीच कळत नाही.

सर्वांत मोठे औषध दुकानात मिळत नाही

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये आपल्या शिफारशी सुधारल्या, तेव्हा सगळ्या उपायांपैकी एकाच उपायाला ‘जोरदार’ शिफारस मिळाली. तो उपाय म्हणजे व्यायाम. ज्याचे अंग दुखते त्यालाच चालावयास सांगणे निष्ठुर वाटते. पण येथे व्यायामाचा हेतू घाम गाळणे हा नसून, हालचाल म्हणजे धोका नव्हे हे मज्जासंस्थेला पुन्हा शिकवणे हा असतो.

आरंभ हास्यास्पद वाटावा इतका लहान असावा : घरातल्या घरात किंवा इमारतीच्या आवारात पाच मिनिटे. आठवडाभर ते जमले की एक-दोन मिनिटांची वाढ. अंबरनाथ पूर्वेला सकाळची हवा अजून बरी असते, इ.स. १०६० मधील शिवमंदिराच्या बाजूला पहाटे फिरणाऱ्यांची वर्दळ असतेच. एका दमात तेथवर जाण्याचा संकल्प करू नये. अर्ध्या वाटेवरून परतण्यातही यश मानावे. पावसाळ्यात रस्त्यांची अवस्था पाहता घरातच चालावे. योगासनांचाही उपयोग होतो. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठ आठवडे सौम्य आसने, प्राणायाम आणि ध्यान केलेल्या स्त्रियांची वेदना व थकवा कमी झाला. शब्द ‘सौम्य’ हा आहे. शिबिरात इतरांच्या बरोबरीने अंग वाकवण्याची स्पर्धा येथे घातक ठरते.

दुसरी गोष्ट शक्तीच्या खर्चाची. या आजारात रोज सकाळी शक्तीची थोडीशीच रक्कम जमा होते. एखाद्या दिवशी बरे वाटले की गृहिणी माळे साफ करते, पापड लाटते, राहिलेले पाहुणे उरकते आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळते. हा कर्ज काढून केलेला सण होय. बऱ्या दिवशी थोडे कमी करावे, वाईट दिवशी थोडे तरी करावे, म्हणजे शिल्लक स्थिर राहते. वीस मिनिटे काम, पाच मिनिटे विसावा, घड्याळ लावून. भाजी बसून निवडावी, जड डबे कमरेच्या उंचीवर ठेवावेत, वाणसामान एकदम न आणता घरपोच मागवावे, तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून एकदाच खाली उतरावे.

तिसरी गोष्ट झोपेची. उठण्याची वेळ सणासुदीलाही तीच ठेवावी. दुपारी चारनंतर चहा नको, दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा अधिक नको, अंथरुणात मोबाइल नको. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांना येथे एक आयती सोय आहे : झोपताना पोट हलके असते. झोपण्यापूर्वी कोमट पाण्याने स्नान किंवा गरम पाण्याची पिशवी यांनी स्नायू सैलावतात. घोरणे मोठे असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर त्याची वेगळी तपासणी करून घ्यावी.

घरातील माणसांचा वाटा

उपचारांच्या यादीत नसलेले, पण त्यांना बळ देणारे एक औषध घरातील माणसांच्या हाती असते : विश्वास. ‘कालपर्यंत तर ठीक होतीस’ हे वाक्य टाळावे, कारण काल ठीक आणि आज वाईट हाच या आजाराचा स्वभाव आहे. कामाची वाटणी दया म्हणून नव्हे, व्यवस्था म्हणून व्हावी. वार ठरवून कपडे कोणी वाळत घालायचे, पाण्याची बादली कोणी उचलायची, सासूबाईंचे संध्याकाळचे ताट कोणी मांडायचे, हे कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावले तर रोज विनंती करण्याचा अपमान वाचतो. डॉक्टरांच्या भेटीला पती किंवा मुलगा एकदा तरी सोबत जावा. आजाराचे नाव त्याने स्वतःच्या कानांनी ऐकलेले असले की घरातील पुष्कळ वाद आपोआप मिटतात.

मनावर ताण असेल, पूर्वीचे एखादे दुःख दडलेले असेल, नैराश्य असेल तर समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही. त्याचा अर्थ दुखणे मनाचे आहे असा होत नाही. मधुमेह्यालाही चिंता असतेच आणि चिंतेने त्याची साखर वाढतेच. म्हणून कोणी त्याच्या मधुमेहाला खोटे म्हणत नाही.

१२ मे हा दिवस जगभर फायब्रोमायल्जियाविषयी जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. रुग्णसेवेला नवे रूप देणाऱ्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांचा तो जन्मदिन. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी स्वतः दुखण्याईतास अंथरुणावरून काम करीत घालवला, ही गोष्टही या दिवसाच्या निवडीमागे आहे.

हा आजार सांधे वाकडे करीत नाही, आयुष्य तोडत नाही. पण तो पुरता हटतोच असेही नाही. म्हणून त्याचा ताळेबंद ‘दुखणे गेले की नाही’ या एकाच रकान्यात मांडू नये. महिन्यापूर्वी पाच मिनिटे चालता येत होते, आज बारा येतात का? आठवड्यातील किती रात्री सलग झोप लागली? किती दिवस वेदनाशामक गोळीवाचून गेले? सणानंतर अंथरुण धरावे लागले का? या प्रश्नांची उत्तरे वहीत तारखेसह लिहिली गेली, तर तीन महिन्यांनी रुग्णाला, घरच्यांना आणि डॉक्टरांनाही खरी शिल्लक दिसू लागते. ती थोडी असेल, कधी खालीही जाईल. परंतु वही रिकामी ठेवून रोज रात्री ‘काहीच फरक नाही’ असे म्हणण्यापेक्षा ती नोंद अधिक सत्य असते.